जेवताना नुसतं जेवायचं

माझी मुलगी गेली तेव्हा मी सडपातळ होते. पुढं ज्यांनी मला पाहिलं त्यांना हे कधी खरं वाटलं नाही. सहा-सात वर्षांत माझं अंग असं सुटलं की लग्नातल्या पाटल्या हातात चढेनात, आणि माहेरच्या एका लग्नात सख्ख्या मावशीनं मला ओळखलं नाही. ती शेजारणीला विचारत होती, ही पाहुणी बाई कोण म्हणून. मी तिच्या पाया पडले तेव्हा ती ओशाळली. मी हसून वेळ मारून नेली आणि पंगतीत बसून पोटभर जेवले.

आम्ही भंडाऱ्यात भांड्यांच्या बाजारामागं राहत होतो. समोर यजमानांचं पितळी भांड्यांचं दुकान, मागं तीन खोल्या. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगी. मुलगी पहिलीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि दिवसभर दुकानातल्या परातींवर चमचा वाजवत फिरायची. त्याच उन्हाळ्यात तिला कावीळ झाली.

आधी आम्ही जे सगळे करतात तेच केलं. झाडपाल्याचं औषध झालं, गळ्यात माळ झाली, उसाचा रस आणि फुटाणे झाले. मग दवाखाना. तेलाचा थेंब द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि ते आम्ही कसोशीनं पाळलं. ती भज्यांसाठी रडे आणि मी तिला बिनफोडणीचं वरण भरवे. एक दिवस डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. जाताना दारात यजमानांना म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. मागेल ते खायला द्या."

मला फार बरं वाटलं. पथ्य सुटलं म्हणजे आजार उतरला, अशी माझी समजूत. मी धावत स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"आई, बेसन काढा. तिला भजी करून देऊ."

त्या उठल्या, बेसन काढलं, कांदा चिरायला घेतला. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ त्यांना तेव्हाच कळला होता, हे मला नंतर उमगलं.

त्यानंतर तिनं जे मागितलं ते आम्ही केलं. भजी, गोड भात, पातोड्या. एकदा उकडलेले शिंगाडे मागितले. भर उन्हाळ्यात शिंगाडे कुठून आणायचे? तरी यजमान सायकल घेऊन तळ्याकाठच्या गावांकडं गेले आणि दिवेलागणीला रिकाम्या हातांनी परतले. जे मिळे त्यातलाही ती एकच घास घ्यायची. मग ताट माझ्याकडं सरकवून म्हणायची, "तू खाय ना आई. मी पाहीन."

मी तिच्या खाटेशी बसून ते सगळं खात असे. ती उशीला टेकून माझ्या तोंडाकडं बघत राही. पिवळ्या डोळ्यांत जरा हसू येई. मी खाल्लं की तिला आपणच खाल्ल्यासारखं वाटतं, असं मला वाटायचं. शेवटच्या दिवशीही ताटात गोड भात होता.

नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. बायका येत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. सासूबाई माझ्यापुढं ताट ठेवत आणि म्हणत, "खाय वं. पोटात अन्न नसन तर उभी कशी राहशीन?" मी खात होते. मला भूक होती की नव्हती, हा प्रश्नच नव्हता. जेवढा वेळ तोंड चालू असे तेवढा वेळ आतलं सगळं गप्प बसे. एवढं मात्र माझ्या लवकर ध्यानात आलं.

मग तीच सवय लागली. मी चुलीपाशी उभ्यानं खाई. कढईत उरलेलं, पातेल्याच्या तळाचं, सासूबाईंसाठी झाकून ठेवलेलं. दुपारी यजमान दुकानात आणि सासूबाई आडव्या झाल्या की डब्यातला चिवडा काढून खिडकीशी बसे. संध्याकाळी कुणी विचारलं असतं, दुपारी काय खाल्लं, तर सांगता आलं नसतं. यजमान काही बोलत नसत. दुकान बंद करायची त्यांची वेळ हळूहळू पुढं सरकत गेली. घरी आले की भिंतीकडं बघत जेवायचे आणि झोपायचे. आम्हाला दुसरं मूल झालं नाही. आमच्या घरात मुलीचा विषय कुणीच काढत नव्हतं. तिचे कपडे सासूबाईंनी कुणाला दिले, तेही मी विचारलं नाही.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. एकदा पाण्यानं भरलेला गुंड, आमच्याकडची पितळी घागर, उचलून ओट्यावर ठेवताना मला असा दम लागला की मी तिथंच खाली बसले. गुडघे आधीपासून दुखतच होते. यजमान मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं एक लेडी डॉक्टर नवीन आली होती, माझ्याहून वयानं लहान. तिनं वजन केलं, रक्त-लघवी तपासायला दिली. साखर नुकती वाढायला लागली आहे, म्हणाली. मग यजमानांना बाहेर बसायला सांगून तिनं मला विचारलं, "जेवता कशा?"

"भात, वरण, भाजी."

"काय जेवता ते नाही विचारलं. कशा जेवता? बसून? उभ्यानं? कुणाशी बोलत?"

मी म्हणाले, "बाईमाणसाचं काय, काम करता करता होतं जेवण."

"आणि जेवताना मनात काय असतं?"

तिनं केसपेपर पुढं ओढला. मग म्हणाली, "गोळ्या आत्ताच देत नाही. दोन कामं करा. जेवायला बसलात की नुसतं जेवायचं. पाटावर बसायचं, ताटात एकदाच वाढून घ्यायचं, ते बघायचं. घास तोंडात असेपर्यंत पुढच्या घासाला हात लावायचा नाही. चव काय लागते, पोट काय म्हणतं, एवढ्यावरच लक्ष ठेवायचं. आणि सकाळी चालायला जायचं. चालताना नुसतं चालायचं. पाय कसा पडतो, श्वास कसा चालतो, तिकडं ध्यान. गप्पा नाहीत."

मला ते फार सोपं वाटलं. उपास सांगितला असता तर अवघड वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाट मांडला. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. ताटाकडं बघत बसणं मोठं चमत्कारिक वाटत होतं, जणू मी स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून आले होते. पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. हात आपोआप ताटाकडं गेला. तो मागं घेतला. परत गेला. तो हात माझा नव्हताच जणू, त्याला कुणी दुसऱ्यानंच कामाला लावलं होतं. मी घास चावत राहिले. वांगं जरासं करपलं होतं. किती वर्षं मी रांधत होते, आणि आपल्या हातची भाजी कशी लागते हे मला माहीत नव्हतं.

थोड्याच घासांत पोट भरलं. ते स्पष्ट कळलं. ताटात निम्मं अन्न तसंच होतं, पुढं हात थांबलेला होता, तोंड रिकामं होतं. आणि त्या रिकाम्या तोंडानं मी रडायला लागले. इतकी वर्षं जे गप्प बसवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. तिचं ते उशीला टेकून बघणं दिसलं. मी ताटावर पदर धरला आणि रडले.

सासूबाई आतून उठून आल्या. "काहून रडून राहिली? तिखट झालं काय?"

"नाही."

"मंग?"

त्यांनी ताटाकडं पाहिलं. "निम्मं तर ठेवलं. अशानं अशक्त होशीन."

लेडी डॉक्टरवर मला रागच आला. वजन उतरवायला म्हणून तिनं सांगितलं आणि हे भलतंच उघडं करून ठेवलं. तीन-चार दिवस मी पुन्हा उभ्यानं खाल्लं. पण एकदा चव कळली की न कळल्यासारखं खाता येत नाही. चिवड्याची मूठ तोंडाशी नेली की आपण का खातोय ते कळे, आणि मूठ परत डब्यात जाई. मी पुन्हा पाट मांडला. रोज जेवणाबरोबर रडणं येई, मग एक दिवसाआड येऊ लागलं.

चालण्याचं निराळंच अवघड होतं. त्या काळात आमच्याकडं बाई काही कामाशिवाय रस्त्यानं जात नसे. बाजाराला जा, दवाखान्यात जा, देवळात जा. नुसती चालायला निघालेली बाई म्हणजे घरात काहीतरी बिनसलं आहे, असंच लोक धरून चालत. सासूबाईंनी तोड काढली. "मी येतो तुह्यासंगं. कोनी पुसलं तर सांगू, देवासाठी नदीचं पानी आनाले जातो." दुकानातला एक छोटा पितळी गडवा त्यांनी हातात घेतला आणि आम्ही उजाडायच्या सुमाराला कारध्याच्या पुलाकडं निघालो.

त्या वाळक्या अंगाच्या, साठी ओलांडलेल्या, तरी माझ्यापेक्षा भरभर चालत. मी धापा टाकत मागून. आणि त्या सतत बोलत. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुठल्या घरचा धान यंदा बुडाला, दूधवाला पाणी किती घालतो. पुलावर नदीचा गार वारा येई, खाली वैनगंगेत कोळ्यांचे डोंगे असत, आणि माझं ध्यान ना पायावर ना श्वासावर. एकदा मी म्हणाले, "आई, डॉक्टरीणबाईंनी चालताना बोलू नका म्हणून सांगितलंय."

त्या थांबल्या. "म्हंजे मी बोलू नको?"

"दोघींनीही."

त्यांना राग आला. परतीच्या वाटेवर आणि पुढं दोन-तीन दिवस त्या खरोखरच एक अक्षर बोलल्या नाहीत, घरीही नाही. पण चालायला यायचं त्यांनी सोडलं नाही. गडवा घेऊन दारात उभ्या राहत. हळूहळू त्यांचा राग निवळला आणि गप्प राहणं मात्र तसंच राहिलं. पूल सुरू झाला की आम्ही दोघी बोलायचं थांबवत असू. माझा श्वास हळूहळू लांब होऊ लागला. पाऊल दगडावर टाचेकडून पडतं, मग चवडा, असं मला कळू लागलं. मनात मुलगी येई. मी तिला येऊ देई आणि परत पायाकडं बघे.

दिवाळी झाली, थंडी पडली. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नव्हता. अशा एका सकाळी सासूबाई पुलाच्या मधोमध थांबल्या आणि कठड्याला हात टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, चक्कर आली.

"काय झालं, आई?"

"दोन होते माहे."

"काय दोन?"

"तुह्या नवऱ्याच्या आधी. एक पोरगा, एक पोरगी. पोरगी चालत होती. बपेऱ्याकडच्या शेतात, बांधाजवळ पुरलं दोघाले." त्या नदीकडं बघत होत्या. "कोनाले सांगतलं नाही मी. तुह्या सासऱ्यासंगंही बोलली नाही कधी. माही सासू म्हने, खाय. काम कर. मी खाल्लं, काम केलं. मले वाटे, असंच करा लागते."

वीस वर्षं मी त्यांच्या घरात होते.

"म्हनून तुलेही खाऊ घालत गेली मी," त्या म्हणाल्या. "दुसरं काई येत नव्हतं मले."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तशा कधी एकमेकींना शिवत नव्हतो. त्यांनी तो झटकला नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "हे चूप राहनं लई वाईट आहे वं. सगळं आठवते." आणि चालू लागल्या. मला वाटलं, उद्या त्या येणार नाहीत. पण दुसऱ्या दिवशी गडवा घेऊन त्या दारात उभ्या होत्याच.

वर्ष-दीड वर्षात माझं वजन खूप उतरलं. दवाखान्यात साखर तपासली, ती आटोक्यात आली होती. लेडी डॉक्टर खूश झाली. बाजारातल्या बायका मात्र खूश नव्हत्या. जाडी होते तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं, आता सगळ्या विचारायला लागल्या, "काही मोठं दुखणं तर नाही ना?" एकीनं तर सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, सुनेला जेवू घालता की नाही. शिंप्याकडं पोलकी घट्ट करायला दिली. जुन्या पेटीतलं एक निळं लुगडं काढलं आणि नेसले. मुलगी व्हायच्या आधीपासून मी ते नेसत असे. मनात काही धरून नेसले नव्हते. बाकीची धुवायला पडली होती, एवढंच.

यजमान रात्रीच्या जेवणाला बसले. मी वाढायला वाकले. त्यांनी वर पाहिलं आणि बघतच राहिले.

"तू आता तेव्हासारखी दिसून राहिली," ते म्हणाले.

मला वाटलं, कौतुक करतायत. मी काही बोलणार तोच त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठले आणि हात धुवायला गेले. परत आलेच नाहीत. दुकानाचं आतलं दार लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी, पूर्वी फक्त लग्नसराईत मागवत तसा, डबा दुकानात मागवायला सुरुवात केली. सकाळचाही, संध्याकाळचाही. गिऱ्हाईक फार आहे, म्हणत. गिऱ्हाईक नव्हतं. स्टीलची दुकानं दोन्ही बाजूंना उघडली होती आणि लग्नसराईतसुद्धा पितळ घ्यायला लोक येत नव्हते. मी पडदा सारून बघितलं तर ते डबा पुढं ठेवून वर्तमानपत्र वाचत जेवत होते. घास कुठं जातो याकडं लक्ष नव्हतं. मी तो पडदा सोडला. मी जाडी होते तोवर त्यांच्यापुढं एक दुसरीच बाई वावरत होती, तिच्याशी त्यांचं निभत होतं. आता त्यांच्यासमोर पुन्हा मुलीची आई येऊन उभी राहिली होती. एकदा मनात आलं, पुन्हा पहिल्यासारखं खावं, अंग भरलं की हे आत येऊन जेवतील. मी सासूबाईंना तसं बोलून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "नको. त्याच्यासाठी मरशीन काय? तो येईन तवा येईन."

सासूबाई त्यानंतर तीन वर्षांनी गेल्या. आजार असा काही नव्हता, म्हातारपण. शेवटच्या पावसाळ्यात नदीला मोठा पूर आला, पूल पाण्याखाली गेला आणि आमचं चालणं बंद पडलं. पाणी ओसरलं तोवर त्यांच्या पायातलं बळ गेलं होतं. त्या गेल्यावर मी एकटी चालायला जाऊ लागले. काही दिवस लोकांनी विचारलं, मग विचारायचं सोडलं. मधल्या एका हिवाळ्यात मी पुन्हा चिवड्याच्या डब्यापाशी बसू लागले होते आणि वजन थोडं परत आलं. मग पुन्हा पाट मांडला. हे एकदा जमलं की कायमचं जमतं, असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवत नाही.

पितळेचं दुकान शेवटी यजमानांनी आवरतं घेतलं. अर्ध्या जागेत स्टील ठेवलं आणि संध्याकाळी लवकर घरात येऊ लागले. जाण्यासारखं दुसरं ठिकाण त्यांनाही नव्हतं. मी दोन पाट मांडत असे. आम्ही समोरासमोर बसून, न बोलता जेवत असू. मी माझ्या ताटाकडं बघे, ते भिंतीकडं.

एका संध्याकाळी त्यांनी घास घेतला, चावला आणि थांबले. ताटातल्या भाताकडं पाहिलं.

"नवा तांदूळ आहे काय?"

"हो. गावाहून परवाच आला. चिकट होतोय जरा. जुना संपला."

ते थोडा वेळ भात बोटांनी चाचपत राहिले.

"तिले असाच आवडे," ते म्हणाले. "गोळा करून खाये."

बारा-तेरा वर्षांत त्यांनी तिच्याबद्दल काढलेले ते पहिले शब्द. मला ते गोळ्यांचं आठवत नव्हतं. मी विचारलं, "कधी खायची?"

"दुकानात. माह्या डब्यातून. तू पाहिलं नाही."

ते भात खाऊ लागले, हळूहळू, ताटाकडं बघत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हते. मी वरण वाढायला हात पुढं केला तर त्यांनी मानेनं नको म्हणून खुणावलं. बाहेर अंधार पडत होता आणि दिवा लावायला आम्हा दोघांपैकी कुणीच उठलं नाही.